कुणाला किती सांगायचं: कर्नलच्या हेडर फाइलींबद्दल

कुणी स्वतःचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, दाखवायला आणला की मी आधी त्याचं इन्क्लूड फोल्डर उघडायला सांगतो, जिथे हेडर फाइली असतात. हेडर म्हणजे टाइप आणि फंक्शनं यांची नुसती ओळख लिहिलेली फाइल, बाकीच्या फाइली तिला इन्क्लूड करून आत घेतात. बूट होतो का, स्क्रीनवर अक्षरं येतात का, कीबोर्ड चालतो का ते सगळं नंतर बघू. पोरांचा जरा हिरमोड होतो, कारण त्यांना क्यूएमू हे नकली मशीन चालू करून काळ्या स्क्रीनवर आपलं नाव आलेलं दाखवायचं असतं, आणि त्यात चूक काहीच नाही, आपल्या हातच्या कोडवर मशीन सुरू होतं तेव्हा जे वाटतं ते दुसऱ्या कशात नाही. पण कर्नल पुढे वाढणार की तीनचार महिन्यांत तिथेच अडकून पडणार हे त्या फोल्डरवरून बऱ्यापैकी कळतं. कोणत्या फाइलला कोणाचं काय माहीत आहे तो सगळा हिशोब तिथे उघडा पडलेला असतो.

मी भुसावळला राहतो, काम एम्बेडेडचं, म्हणजे यंत्रांच्या आतल्या छोट्या कॉम्प्युटरांचं, घरूनच करतो. रविवारी ऊन उतरलं की जळगाव, अमळनेर, धुळे, यावल अशी कुठकुठली पोरं येतात, कॉलेजात ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय परीक्षेपुरता झालेला असतो आणि आता खरोखर एक करून बघायची असते. नातेवाईक विचारतात की खान्देशात बसून कर्नल लिहून काय होणार. मला तो प्रश्नच पटत नाही. विप्रो १९४५ साली अमळनेरला वनस्पती तेलाची कंपनी म्हणून सुरू झाली होती, तेव्हा कुठून काय निघेल ते कोणी सांगावं. आणि कर्नलला लागतं काय, एक जुना लॅपटॉप, कंपायलर आणि भरपूर वेळ. असो, मुद्दा हेडरचा.

आपण सी शिकतो तेव्हा पहिली ओळ स्टडिओ डॉट एच इन्क्लूड करायची असते, आणि ती इतकी अंगवळणी पडते की ती फाइल येते कुठून हा प्रश्न कधी पडतच नाही. ती असते सी लायब्ररीची, लिनक्सवर बहुतेक ठिकाणी जीलिबसीची, आणि ती लायब्ररी आपली कामं खालच्या कर्नलकडून करून घेते, सिस्टिम कॉल करून, म्हणजे कर्नलला ठरलेल्या पद्धतीने विनंती करून. आता कर्नलच आपण लिहितोय म्हटल्यावर खाली आहे कोण? प्रिंटएफ शेवटी राइट हा सिस्टिम कॉल करणार, तो घेणारा कर्नल म्हणजे आपणच, आणि तो भाग तर अजून लिहायचाय. म्हणून सीच्या स्टँडर्डमधेच दोन प्रकार आहेत, होस्टेड, म्हणजे खाली ऑपरेटिंग सिस्टिम आहे असं धरलेला, आणि फ्रीस्टँडिंग, म्हणजे खाली कोणी नाही असं धरलेला. फ्रीस्टँडिंगमधे अगदी मोजक्या हेडर फाइली मिळतात, १९८९ च्या स्टँडर्डमधे चार होत्या, फ्लोट, लिमिट्स, स्टडआर्ग आणि स्टडडेफ, १९९९ च्या स्टँडर्डपर्यंत त्यात स्टडइंट, स्टडबूल आणि आयएसओ६४६ येऊन सात झाल्या. ह्या सातांत लायब्ररीचं एकही फंक्शन नाही, नुसते टाइप, मॅक्रो आणि आकड्यांच्या मर्यादा, शिवाय त्या कंपायलरच्याच सोबत येतात, म्हणून कर्नलमधे बिनधास्त वापराव्यात.

बाकी सगळं आपलं आपण लिहायचं. त्यातही एक गोष्ट बऱ्याच जणांना कोणी सांगितलेली नसते, की फ्रीस्टँडिंगचा फ्लॅग, म्हणजे कंपायलरला द्यायची सूचना, दिली तरी जीसीसी हा कंपायलर असं धरून चालतो की मेमकॉपी, मेममूव्ह, मेमसेट आणि मेमकम्प ही चार फंक्शनं तुमच्याकडे असणारच. पोरगं डोकं धरून बसतं की मी मेमसेट कुठेच लिहिलेलं नाही आणि कंपाइल झालेले तुकडे जोडणारा लिंकर म्हणतो मेमसेट सापडत नाही. लिहिलेलं नसतं हे खरंच असतं, फक्त एक मोठं स्ट्रक्चर कुठेतरी शून्याने भरलेलं असतं आणि कंपायलरने त्याचं मेमसेट करून टाकलेलं असतं.

इथपर्यंत तरी ठीक, कारण एरर दिसते. जास्त त्रास देतात ते होस्टचे, म्हणजे आपण ज्या मशीनवर बिल्ड करतो तिथले हेडर्स. उबुंटूवर जो जीसीसी आधीपासून असतो तो उबुंटूवर चालणारे प्रोग्राम बनवण्यासाठी असतो, त्याला हेडर शोधायच्या जागा आधीच पाठ असतात. कर्नलच्या फाइलीत कोणी सवयीने स्ट्रिंग डॉट एच किंवा एररनो डॉट एच टाकलं की तो मुकाट्याने युजरलँडची, म्हणजे साध्या प्रोग्रामांसाठीची फाइल उचलतो, कंपाइल होतं, वॉर्निंगसुद्धा येत नाही. स्ट्रलेन सारखं फंक्शन असेल तर निदान लिंकर अडवतो. पण टाइप आणि मॅक्रो लिंकरपर्यंत पोचतच नाहीत ना, ते तिथल्या तिथे कोडमधे विरघळून जातात, मग तुमच्या कर्नलमधे होस्टचे एरर नंबर शिरतात, होस्टच्या टाइपची रुंदी शिरते, आणि दुसऱ्याच्या मशीनवर बिल्ड केलं की वागणं बदलतं.

ह्यासाठी मी पोरांना एक फ्लॅग आधी शिकवतो, कॅपिटल एच वाला. तो दिला की कंपायलर कोणती हेडर फाइल कोणी आत घेतली त्याचं पूर्ण झाड छापतो, एक टिंब म्हणजे थेट इन्क्लूड, दोन टिंबं म्हणजे त्याच्या आतली, तीन म्हणजे त्याच्याही आतली. एका धुळ्याच्या पोराच्या स्क्रीनवर स्ट्रिंगच्या एका ओळीखाली बिट्स वगैरे फोल्डरांतल्या फाइलींची रांगच लागली, फीचर्स, सीडेफ्स, वर्डसाइज, लोकेल, आणि तो बोट ठेवून मला म्हणतो, “दादा, हाई कोठेन उनं?” हे कुठून आलं, हा प्रश्न पडला ना की अर्धं काम झालं. मग आय६८६-एल्फ, म्हणजे खाली ऑपरेटिंग सिस्टिम नसलेल्या ३२ बिट मशीनसाठीचा क्रॉस कंपायलर बांधून घ्यायचा, ज्याला कुठल्याच होस्टची ओळख नाही, आणि वर नोस्टडइंक हा फ्लॅग द्यायचा म्हणजे ठरलेल्या जागा बघणं बंद, आपण सांगू तेवढ्याच फोल्डरांत बघ. फक्त त्याने कंपायलरची स्वतःची सात पण दिसेनाशी होतात, तर त्यांचा रस्ता जीसीसीलाच विचारून परत द्यायचा. लिनक्स कर्नलसुद्धा नोस्टडइंक वापरतो, आणि तिथे बरीच वर्षं कंपायलरकडून स्टडआर्ग तेवढं उसनं घेत होते, २०२१ मधे ५.१५ आलं तेव्हा ते पण स्वतःचं करून टाकलं. मला हे फार आवडतं. कर्नलने कोणावर अवलंबून राहायचं ते असं एकेक ओळ करून ठरवलं जातं.

हे झालं बाहेरचं. आता घरातलं, आणि माझ्या मते खरं डिझाइन इथे आहे.

सुरुवातीला प्रत्येकजण एकच कॉमन डॉट एच करतो आणि त्यात सगळं कोंबतो. टाइप तिथे, पोर्टला बाइट पाठवायचं इनलाइन फंक्शन तिथे, टास्कचं, म्हणजे चालू असलेल्या कामाचं स्ट्रक्चर तिथे, मेमरीचे पत्ते जुळवणारं पेज टेबल तिथे, स्क्रीनचे रंगसुद्धा तिथे. पंधरा फाइलींपर्यंत ते मस्त चालतं. मग ते वेगवेगळ्या हेडरांत फोडावं लागतं, आणि एक दिवस टास्कच्या स्ट्रक्चरमधे वेट क्यू, म्हणजे थांबलेल्यांची रांग, ठेवायची वेळ येते, वेट क्यूमधे कोण थांबलंय ते लिहायला टास्क पाहिजे, दोघांनी एकमेकांना इन्क्लूड केलं की इन्क्लूड गार्डमुळे दुसरी फेरी रिकामी जाते आणि कंपायलर म्हणतो हा टाइप मला माहीत नाही, जो तुमच्या डोळ्यासमोर लिहिलेला असतो. गार्ड एकाच फाइलला दोनदा येण्यापासून वाचवतो, चक्र सोडवत नाही, हे नीट समजून घेतलं पाहिजे.

चक्र सुटतं ते कमी सांगून. वेट क्यूला टास्कच्या आत काय आहे ते कळायची गरजच नाही, तिला फक्त पॉइंटर, म्हणजे टास्कचा पत्ता ठेवायचाय, आणि पॉइंटरची रुंदी आतल्या स्ट्रक्चरवर ठरत नाही. तर एका ओळीत नुसतं सांगायचं की स्ट्रक्ट टास्क नावाचं काहीतरी आहे, बस, इन्क्लूड काढून टाकायचं. ज्या डॉट सी फाइलीला खरंच टास्कच्या आत हात घालायचाय ती पूर्ण हेडर घेईल. आमच्याकडे दोन शेतांमधे बांध असतो, पलीकडच्याला आपली हद्द कुठवर ते पक्कं माहीत पाहिजे, आपल्या विहिरीला पाणी किती आणि सोसायटीचं कर्ज किती ते कळून त्याला काय करायचंय. हेडर तेवढंच सांगणारं असावं. लिनक्समधे ह्याच कारणाने स्पिनलॉक ह्या कुलपाचं हेडर दोन तुकड्यांत आहे, एकात नुसते टाइप, दुसऱ्यात फंक्शनं, म्हणजे ज्याला आपल्या स्ट्रक्चरमधे फक्त लॉक ठेवायचाय त्याने टाइपवालं घ्यावं आणि पुढे जावं. लिस्टचं छोटं स्ट्रक्चर तर सरळ टाइप्स डॉट एच मधे नेऊन ठेवलंय.

छोट्या कर्नलसाठी दुसरी एक पद्धत आहे आणि मला ती शिकवायला जास्त बरी वाटते. एमआयटीमधे शिकवण्यासाठी २००६ साली लिहिलेला एक्सव्ही६ बघा. तिथे हेडर फाइली एकमेकांना जवळपास इन्क्लूड करतच नाहीत. प्रत्येक डॉट सी फाइलीच्या डोक्यावर रांगेत लिहिलेलं असतं, टाइप्स, पॅराम, मेमलेआउट, स्पिनलॉक, प्रॉक, डेफ्स, त्याच क्रमाने. क्रम चुकला की लगेच एरर. आणि डेफ्स डॉट एच उघडलं की वरती स्ट्रक्टची नुसती नावं, खाली प्रत्येक डॉट सी फाइलीचं नाव कॉमेंटमधे टाकून तिची फंक्शनं. पूर्ण कर्नलमधे कोण कोणाला काय देतं ते एका फाइलीत वाचून होतं. शंभर फाइलींच्या पुढे हे परवडणार नाही हे कबूल, पण नव्या माणसाला आपल्या फाइलीला काय काय लागतं ते हाताने लिहावं लागतं, आणि तिसऱ्यांदा लिहिताना तोच विचारतो की स्क्रीनच्या ड्रायव्हरला पेज टेबल कशाला लागतंय.

मोठ्या कर्नलमधे हे आवरलं नाही तर काय होतं ते लिनक्समधेच दिसतं. इंगो मोलनार हे लिनक्सचे जुने डेव्हलपर, त्यांनी २ जानेवारी २०२२ ला फक्त हेडर फाइलींच्या साफसफाईची २,२९७ पॅचेसची, म्हणजे छोट्या बदलांची मालिका मेलिंग लिस्टवर जाहीर केली. वर्षाहून जास्त काळ त्यावर काम केलं होतं. नुसती हेडर्स एकमेकांपासून सोडवून कर्नलचा बिल्ड निम्म्याहून जास्त वेगवान होतो असं त्यांच्या मोजमापात आलं. ती सगळी मालिका जशीच्या तशी एकदम घेतली गेली नाही, पण एवढ्या अनुभवी माणसाने एवढा वेळ ह्यासाठी घालवला हेच मला पोरांना दाखवायचं असतं. ह्याच माणसाने २०१७ मधे ४.११ साठी शेड्युलरचं शेड डॉट एच फोडून त्याचे तुकडे वेगळ्या फोल्डरात नेले होते, कारण टास्क स्ट्रक्ट तिथे आणि ते जवळपास सगळ्यांना लागतं.

बिल्डचा वेळ ही शहरातल्या मोठ्या सर्व्हरवाल्यांची चैनीची काळजी वाटेल कोणाला, पण आमच्याकडे उलट आहे. पोरांकडे चार जीबी रॅमचे, फिरत्या डिस्कचे जुने लॅपटॉप, मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास, मशीन तापलं की प्रोसेसर आपोआप मंद होतो, मधेच लाइट जाते आणि बॅटरी तर नावालाच असते. अशा वेळी एका हेडरमधे एक कॉमेंट बदलली आणि सगळा कर्नल नव्याने कंपाइल व्हायला लागला तर संध्याकाळ गेली. तेच नीट सोडवलेलं असेल तर दोन फाइली कंपाइल होतात आणि पुढचा प्रयोग लगेच. कमी साधनं असलेल्या माणसाला चांगल्या हेडरची गरज जास्त आहे, हे मी अगदी मनापासून म्हणतो.

अर्थात बिल्ड चालवणाऱ्या मेकला कळलं पाहिजे की कोणती ऑब्जेक्ट फाइल, म्हणजे कंपाइल झालेला तुकडा, कोणत्या हेडरवर अवलंबून आहे. ते हाताने लिहू नका, एमएमडी आणि एमपी हे दोन फ्लॅग द्या, कंपायलर स्वतः प्रत्येक फाइलीबरोबर डॉट डी फाइल बनवून देतो आणि मेकफाइलमधे ती इन्क्लूड करायची. हे नसेल तर हेडर बदलतं, जुनी ऑब्जेक्ट फाइल तशीच राहते, आणि एकाच कर्नलमधल्या दोन भागांच्या डोक्यात एकाच स्ट्रक्चरचे दोन वेगवेगळे नकाशे राहतात. सी मधे हे पकडणारं कोणी नाही, लिंकर फक्त नावं जुळवतो.

असंच एक प्रकरण सविस्तर सांगतो, कारण त्यात अख्खा विषय आहे. यावलकडच्या एका पोराचा ३२ बिटचा कर्नल, टास्क बदलणं छान चाललेलं. त्याच्या टास्क स्ट्रक्चरमधे क्रमाने पीआयडी (टास्कचा नंबर), स्टेट, ईएसपी (स्टॅकचा पत्ता), सीआर३ (पेज टेबलचा पत्ता), प्रत्येक चार बाइटचं, म्हणजे ईएसपी आठव्या बाइटला आणि सीआर३ बाराव्या. टास्क बदलण्याचं काम असेंब्लीत, म्हणजे थेट सीपीयूच्या सूचनांत, तिथे ८ आणि १२ हे आकडे सरळ लिहिलेले. मग त्याने स्टेटनंतर प्रायॉरिटी हे नवीन फील्ड टाकलं. सी कोड सगळा नव्याने नीट कंपाइल झाला, एकही एरर नाही, आणि नवीन टास्क सुरू करायला गेलं की मशीन रीसेट, परत बूट, परत रीसेट. त्याने दोन दिवस शेड्युलरचं लॉजिक उलटंपालटं केलं, तिथे काहीच नव्हतं.

झालं असं होतं. नव्या टास्कचा स्टॅक पॉइंटर सी कोडने आता बाराव्या बाइटला लिहिला, कारण त्याच्या दृष्टीने ईएसपी तिथे सरकला होता. असेंब्लीने आठव्यावरून उचलला, तिथे होती प्रायॉरिटी, किंमत ५. म्हणजे स्टॅक पॉइंटर झाला ५. पहिलं पान त्याने मुद्दाम मॅप न करता ठेवलेलं, नल पॉइंटर पकडायला, त्यामुळे पुढच्याच पॉपला, म्हणजे स्टॅकवरून वाचताना, पेज फॉल्ट, तो फॉल्ट नोंदवायला सीपीयू त्याच स्टॅकवर लिहायला जाणार, तो तर नाहीच, डबल फॉल्ट, त्यालाही तोच स्टॅक, ट्रिपल फॉल्ट आणि रीसेट. क्यूएमूला इंटरप्टचा लॉग काढायला सांगितला आणि रजिस्टरांच्या रांगेत ईएसपी समोर सात शून्यं आणि एक पाच दिसला, तिथे सगळं उलगडलं.

ह्यावरचा उपाय लिनक्समधे फार सुंदर आहे. असेंब्लीत आकडे हाताने लिहायचेच नाहीत. एएसएम-ऑफसेट्स नावाची एक छोटी सी फाइल असते, ती खरं हेडर इन्क्लूड करून प्रत्येक हव्या त्या फील्डचा ऑफसेट काढते, तिचं फक्त असेंब्लीपर्यंत कंपाइल करायचं, त्या मजकुरातून सेड हे टूल वापरून आकडे उचलायचे आणि त्याचं हेडर तयार करायचं, ते असेंब्लीच्या फाइली इन्क्लूड करतात. म्हणजे स्ट्रक्चर एकाच ठिकाणी लिहिलेलं आणि आकडे त्यातूनच निघालेले, कोणी कितीही फील्ड टाको. त्या पोराने तेच केलं, आणि जिथे हार्डवेअरनेच साइज ठरवलेली आहे, जीडीटी ह्या सीपीयूच्या टेबलची एंट्री ८ बाइटची वगैरे, तिथे स्टॅटिक असर्ट टाकले, साइज हलली की बिल्डच थांबतो. असेंब्ली आणि सी एकच हेडर वापरणार म्हटलं की सीच्या टाइपच्या ओळी असेंबलरपासून लपवाव्या लागतात, त्यासाठी कॅपिटल एस वाली फाइल कंपाइल करताना जीसीसी असेंबलर नावाचा मॅक्रो स्वतःच ठरवून देतो, त्याचा आडोसा करायचा. आकड्यांच्या मागे लावलेलं यूएल पण असेंबलरला चालत नाही, लिनक्समधे त्यासाठी वेगळा मॅक्रोच आहे.

शेवटचा भाग म्हणजे बाहेरच्या जगाला दिलेली हेडर्स. सिस्टिम कॉलचे नंबर, त्यांना द्यायची स्ट्रक्चर्स, एरर नंबर, हे कर्नललाही लागतात आणि त्यावर चालणाऱ्या प्रोग्रामलाही. लिनक्समधे बरीच वर्षं हे सगळं एकाच फाइलीत असायचं आणि कर्नलचा खाजगी भाग एका मॅक्रोच्या आड लपवलेला असायचा. २०१२ मधे ३.७ च्या वेळी डेव्हिड हॉवेल्स यांनी बाहेर द्यायचं ते यूएपीआय नावाच्या वेगळ्या फोल्डरात काढलं. आज मेक हेडर्स इन्स्टॉल केलं की तेवढंच बाहेर जातं. पोरांचा एक गोंधळ इथे नेहमी होतो, उबुंटूवर लिनक्स-हेडर्स नावाचं पॅकेज टाकतात आणि समजतात की हीच ती, पण ते कर्नलला जोडायची मॉड्यूल बिल्ड करायला कर्नलची आतली हेडर्स देतं, प्रोग्रामसाठीची वेगळ्या पॅकेजात येतात, लिनक्स-लिबसी-डेव्ह.

ह्या बाहेरच्या फोल्डरात टाकलेली ओळ परत घेता येत नाही, कारण त्यावर कोणाचा तरी प्रोग्राम आधीच कंपाइल झालेला असतो. म्हणून तिथे हात आखडता घ्यायचा. टाइपची नावं दोन अंडरस्कोरने सुरू होणारी, कारण यू३२ हे नाव प्रोग्राम लिहिणाऱ्याने स्वतःसाठी वापरलेलं असू शकतं. रुंदी ठरलेली, लाँग वगैरे नको, ते ३२ आणि ६४ बिटवर वेगळं होतं. आणि मधल्या रिकाम्या जागा स्वतः नाव देऊन भरायच्या, कारण ३२ बिटच्या एक्स८६ वर स्ट्रक्चरमधलं ६४ बिटचं फील्ड चारच्या पटीत बसतं आणि ६४ बिटवर आठच्या, म्हणजे एकच हेडर दोन्हीकडे कंपाइल केलं तरी पुढची फील्ड वेगवेगळ्या जागी पडतात.

सध्या त्याच यावलच्या पोराच्या कर्नलमधे फाइलसिस्टिम चालू आहे आणि फाइलची माहिती देणाऱ्या स्टॅटचं स्ट्रक्चर ठरतंय. वेळ ६४ बिटची ठेवायची ह्यावर सगळ्यांचं एकमत झालं, ३२ बिटची वेळ १९ जानेवारी २०३८ ला संपते आणि ही पोरं तेव्हा भर कामाच्या वयात असतील. त्याच्याआधी चार बाइटचं रिझर्व्ह फील्ड पण टाकलंय. इनोडचा, म्हणजे फाइलच्या नोंदीचा नंबर ३२ बिटचा की ६४ बिटचा ह्यावरून मात्र धुळेवाला आणि यावलवाला अजून भांडतायत, मी ६४ च्या बाजूने आहे, पण स्ट्रक्चर त्यांचं आहे तर ठरवतील तेच.